ॲग्रीचं पहिलं वर्ष : एवढ्या विषयांचा एकमेकांशी मेळ काय? (आणि माझ्या प्लॉटचा पिवळा कोपरा)

पहिलीपेरणी :
नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी. ॲग्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. आवडीने आलोय, कुणी ढकललं म्हणून नाही, त्यामुळे ही तक्रार समजू नका. पण एक गोष्ट दोन महिने डोक्यातून जात नाहीये. सकाळी मातीचे थर, त्याच्या पाठोपाठ पेशीविभाजन, दुपारी मागणी-पुरवठा, दुसऱ्या दिवशी किडींच्या तोंडाचे प्रकार आणि लगेच स्टॅटचा (संख्याशास्त्राचा) तास. प्रत्येक विषयाची वही वेगळी, सर वेगळे, भाषाही वेगळी. मार्क पडतात. पण "तू नेमकं काय शिकतोयस?" असं घरी कुणी विचारलं की मी फक्त विषयांची यादी सांगतो.

दुसरं म्हणजे प्लॉट. ॲग्रोनॉमीच्या, म्हणजे पीकशास्त्राच्या, प्रात्यक्षिकाला प्रत्येकाला ५ मीटर बाय ४ मीटरचा तुकडा मिळालाय. माझ्या वाट्याला सोयाबीन आलंय. पेरून ३४ दिवस झाले. बांधाकडचा कोपरा, म्हणजे साधारण पाव प्लॉट, पिवळा पडलाय. सरांना विचारलं तर म्हणाले, "सगळे विषय आहेत ना तुझ्याकडे? शोध." दोन दिवस वह्या चाळतोय. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं असेल म्हणून उद्या थोडा युरिया टाकावा असं वाटतंय. टाकू का?

वाफसा :
युरिया टाकू नकोस. निदान आज नको.

पिवळं म्हणजे नत्र, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की बघायच्या आधीच हात पोत्याकडे जातो. मी गेली अकरा वर्षं हेच काम करतो, लोकांच्या शेतात जाऊन पीक बघतो, आणि मलाही थांबून बघायची सवय लागायला बराच काळ गेला. तू आधी एवढंच सांग : पिवळी पानं खालची आहेत की शेंड्याची?

हे का विचारतोय ते तुझ्या शरीरक्रियाशास्त्राच्या वहीत आहे. नत्र झाडात फिरतं. तुटवडा आला की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियमचंही तसंच. लोह मात्र एकदा ज्या पानात गेलं तिथेच बसतं. ते कमी पडलं तर जुनी पानं हिरवी राहतात आणि कोवळी पिवळी निघतात. म्हणजे पान हात न लावता नुसतं कुठलं आहे ते पाहिलंस तरी निम्मे संशयित गळतात.

चिमटा :
वाफसा यांच्याशी सहमत, पण पान उलटून बघायला विसरू नको. सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोगही येतो आणि तो पांढऱ्या माशीने पसरतो. सकाळी लवकर जा. गारव्यात माशी सुस्त असते, पान हळूच उलटलं तर बसलेली दिसते. ऊन चढल्यावर हात लागायच्या आत उडते.

विषाणूचा पिवळेपणा शिरा वगैरे पाळत नाही, हिरव्या-पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे ठिपके आणि डाग दिसतात. शिवाय रोग झालेली झाडं प्लॉटभर विखुरलेली असतात. एक इथे, तीन तिथे. माशी काही कोपरा आखून घेत नाही.

पाटीपेन्सिल :
मला वेगळं बोलायचंय, आणि मनापासून बोलतोय. मी ही पदवी पूर्ण केली. "अन्नद्रव्यांच्या कमतरतेची लक्षणे" हा तक्ता मी वेगवेगळ्या विषयांच्या परीक्षांत तीन वेळा लिहिला, तिन्ही वेळा चांगले मार्क मिळाले. पण लोह कमी असलेलं खरं पान मी पहिल्यांदा हातात धरलं ते पदवीनंतर दोन वर्षांनी. ते पान मला ओळखता आलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने शाळा सोडून वीस वर्षं झाली होती, त्याने ओळखलं.

आमच्याकडे जर्नल भरणं म्हणजे आधीच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल उतरवणं होतं. ४०० बिया, १०० च्या चार पुनरावृत्ती, उगवण ८७ टक्के. एकाही मुलाने बी मोजलं नव्हतं आणि सगळ्यांची उगवण ८७ टक्के. त्यामुळे पहिलीपेरणी, विषयांचा मेळ बसत नाही हा तुझा दोष नाही. शिकवणारेही बहुतेकदा आपापल्या कप्प्यातच बसलेले असतात. ज्या माणसाने पोटासाठी शेत बघितलंय त्याला हे सगळं पदवीशिवाय कळतं, मग चार वर्षं कशासाठी, हा प्रश्न मला आजही पडतो.

बांधावरची :
पाटीपेन्सिल, तुमचं दुःख खरं आहे. ८७ टक्क्यांची गोष्ट आमच्या वर्गातही घडली, फक्त आकडा वेगळा होता. पण शेवटच्या वाक्याशी मी भांडणार आहे.

मी पदवी घेऊन शेतीच करते. माझे वडील अनवाणी चालताना पायाला लागणाऱ्या मातीवरून सांगायचे, इथे पाणी दोन दिवस आधी द्यावं लागेल. आणि ते बरोबर निघायचं. मी आजही त्यांच्याइतकी तरबेज नाही. पण त्यांचं ज्ञान त्या एका जमिनीचं होतं. आम्ही दुसरीकडे जमीन घेतली तेव्हा त्यांनी तेच खत, तीच पाळी, तीच पेर वापरली आणि दोन हंगाम पीक बसलं. त्यांना "काय" माहीत होतं, "का" माहीत नव्हतं, आणि माती बदलली की "का" लागतं. तिसऱ्या हंगामात मी खड्डा खणला तेव्हा ४० सेंटिमीटरवर कुदळ अडली. घट्ट थर होता. मुळं त्यावर टेकून आडवी पसरली होती. ते बघून वडीलच म्हणाले, आता कळलं पाणी का उभं राहतं ते. पुढचा निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला.

पहिलीपेरणी, एक झाड मुळासकट उपट. ओढून नको, खुरप्याने चारही बाजूंनी माती मोकळी करून अलगद. मुळावरच्या गाठी बोटाच्या नखाने फोड. आतून गुलाबी-लालसर असेल तर गाठ काम करतेय. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या रंगद्रव्याचा भाऊबंद. पांढरी, हिरवट किंवा तपकिरी निघाली तर तिथे हवेतलं नत्र बांधलं जात नाहीये. चांगलं आणि पिवळं, दोन्हीकडचं एकेक झाड घे.

काळीभोर :
मी मृदाशास्त्र शिकवतो. पाटीपेन्सिल यांनी जे लिहिलं ते वाचून वाईट वाटलं, आणि ते नाकारता येत नाही. माझ्या बाजूने जमेल तेवढं सांगतो.

पहिलीपेरणी, तुम्ही अजून एक गोष्ट लिहिलेली नाही. पिवळेपणाची कड कशी आहे? हळूहळू फिकट होत हिरव्यात मिसळते, की रेघ ओढल्यासारखी आहे? निसर्गातले बदल सहसा मिसळत जातात. उतार, ओल, मातीची खोली यांना ठळक सीमारेषा क्वचितच असते. सरळ कड दिसली की तिथे माणसाचा हात लागला आहे का, हे आधी शोधावं.

यावरून एक गोष्ट आठवते. १८८२ च्या शरद ऋतूत फ्रान्समधल्या मेदॉक भागात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे द्राक्षमळ्यांतून चालले होते. केवडा रोगाने वेलींची पानं झडून गेली होती, पण रस्त्याच्या कडेच्या ओळी मात्र पानांनी भरलेल्या होत्या. रस्त्यालगतच का? चौकशी केल्यावर कळलं की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मळेवाल्यांनी त्या वेलींवर मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडलं होतं. तीन वर्षं प्रयोग करून १८८५ मध्ये मिलार्दे यांनी कृती प्रसिद्ध केली. तेच बोर्डो मिश्रण. तुम्ही वनस्पती रोगशास्त्राच्या प्रात्यक्षिकात १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी असं ते कराल, लोखंडी सुरी बुडवून तांबूस थर येतो का ते तपासाल. आला तर चुना कमी पडला. ते करताना रस्त्याकडेच्या त्या ओळी आठवा. शोधाची सुरुवात फरक कुठे संपतो हे पाहण्यातून झाली होती.

कोपऱ्यात आणि चांगल्या भागात एकेक खड्डा घ्या, ३० सेंटिमीटर पुरे. दोन्हीकडची माती चिमूटभर घेऊन त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. प्रयोगशाळेतून मागून घ्या, शिक्षकांसमोर करा, डोळ्यांना चष्मा लावा. फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे.

पहिलीपेरणी :
सगळ्यांचे आभार. आज सकाळी साडेसहाला गेलो होतो. जे दिसलं ते लिहितो.

पिवळी पानं शेंड्याकडची आहेत. खालची हिरवीच. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, जाळी विणल्यासारखी दिसते. अगदी शेंड्याचं पान तर जवळजवळ पांढरट आहे. वीस पानं उलटून पाहिली, पांढरी माशी दोनच पानांवर होती, आणि तीही हिरव्या भागातल्या.

गाठी दोन्हीकडे आहेत. कोपऱ्यात कमी आणि बारीक, पण फोडल्यावर गुलाबीच निघाल्या. बांधावरची ताई, हा रंग मी पहिल्यांदा पाहिला. नखाला लागला होता.

आणि काळीभोर सर, कड सरळ आहे! दोरी लावल्यासारखी. मी रोज त्या प्लॉटवर जातो आणि हे मला दिसलं नव्हतं. खड्डा उद्या.

एक विचारायचं राहिलं. त्याच कोपऱ्यात गवताचं तण उगवलंय आणि ते मात्र हिरवंगार आहे. असं कसं?

वाफसा :
शाब्बास. आता बघ, नत्र गेलं, मोझॅक गेला, लोह उरलं. आणि काल युरिया टाकला असतास तर बहुधा बिघडलंच असतं, कारण मातीत नायट्रेट वाढलं की सोयाबीनमधला लोहाचा पिवळेपणा आणखी वाढू शकतो.

गवताचा प्रश्न फार चांगला आहे. तो सरांवर सोडतो.

काळीभोर :
आधी लोहाबद्दल. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोह आहे. मातीत लोह "नाही" असं जवळपास कधीच नसतं. ते विरघळलेलं नसतं, ही अडचण. सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) एकाने वाढला की मातीच्या पाण्यातलं फेरिक लोह हजार पटींनी घटतं. चुनखडीच्या जमिनीत सामू बहुधा ८ च्या आसपास असतो, शिवाय ओल साचली की बायकार्बोनेट वाढतं आणि तेही लोहाच्या आड येतं. म्हणजे झाड भरल्या ताटासमोर उपाशी बसतं.

आता तण. सोयाबीनसारखी द्विदल झाडं मुळाभोवती आम्ल सोडतात आणि मुळाच्या पृष्ठभागावर फेरिकचं फेरस (लोहाचं सहज विरघळणारं रूप) करून ते आत घेतात. चुना जास्त असेल तर ते आम्ल तिथेच मारलं जातं. गवतवर्गाची रीत निराळी आहे. त्यांची मुळं असे पदार्थ सोडतात जे लोहाला चिमट्यासारखे धरतात, आणि मग मूळ ती जोडीच आत ओढून घेतं. १९७६ मध्ये जपानमध्ये ताकागी यांनी ओट आणि भाताच्या मुळांच्या धुवणात असे पदार्थ दाखवले. म्हणून चुनखडीत गवत तग धरतं. सगळी गवतं सारखी नाहीत, ज्वारी या बाबतीत नाजूक आहे, पण रीत ही.

तुमच्या प्रश्नाने मला आनंद झाला. तण हे वर्गात "काढून टाका" एवढ्यापुरतं येतं. तुम्ही त्याला साक्षीदार केलंत.

पहिलीपेरणी :
खड्डे घेतले. चांगल्या भागातली माती काळी, ओली असताना बोटांत दाबली की लांब फीत निघते, आम्ल टाकल्यावर जेमतेम दोन-चार बुडबुडे. कोपऱ्यातली माती वरूनच करड्या रंगाची, त्यात हरभऱ्याएवढे पांढरे खडे. आम्ल टाकलं आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखी फसफसली. दुपारी मॅडमनी सामू काढू दिला : चांगल्या भागाचा ७.६, कोपऱ्याचा ८.४.

पण गंमत अशी की कोपऱ्यात २५ सेंटिमीटर खाली गेल्यावर काळी माती लागली. करडी माती वर आणि काळी खाली! वर्गात शिकवलेलं चित्र याच्या उलटं आहे. वरचा थर काळा, सेंद्रिय पदार्थ जास्त, आणि चुनखडी खाली साठलेली, असं.

खड्डा घेत असताना फार्मवर काम करणारे मामा शेजारी येऊन उभे राहिले. आजवर मी त्यांच्याशी "मामा, खुरपं द्या" एवढंच बोललो होतो. त्यांना विचारलं, मामा, इथे कधी काही खणलं होतं का? ते लगेच म्हणाले, "पाइपलाइन टाकली होती ना. तीन उन्हाळे झाले. चर या बांधाच्या कडेने गेलाय. खालचा पांढरा माल वर आला तो इथेच पसरला, उचलला नाही कुणी." मग पायाने रेघ मारून त्यांनी चर कुठून कुठे गेला ते दाखवलं. ती रेघ आणि माझी पिवळी कड अगदी समांतर.

मी तिथेच बसलो थोडा वेळ. चार दिवस चार विषय लावून जे शोधत होतो ते मामांना तीन वर्षांपासून माहीत होतं. आणि मामांना विचारायचं मला सुचलं ते कड सरळ आहे हे कळल्यावर.

बांधावरची :
हे वाचून अंगावर काटा आला.

पाटीपेन्सिल, बघा, इथे दोघं लागले. मामांना चर माहीत होता, पण पिवळं पान आणि चर यांचा संबंध त्यांना कुणी विचारला नव्हता.

पाटीपेन्सिल :
मान्य. मी चार वर्षांत असा एकही प्रश्न शेवटपर्यंत नेला नाही. कुणी नेऊ दिला नाही असं म्हणत होतो, पण मीही मागितला नव्हता. पहिलीपेरणी, थांबू नकोस. लोहच आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही.

आकडेमोड :
पाटीपेन्सिल बरोबर बोलले. इतकी सुसंगत गोष्ट हाती आली की माणूस तपासणं थांबवतो. माझा विषय स्टॅट, म्हणून इथे थांबवतोय.

साधा प्रयोग आहे. १ लिटर स्वच्छ पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. ताजं करून लगेच वापरायचं, ठेवलं की तांबूस होतं आणि उपयोग जातो. सोयाबीनचं पान तीन पर्णिकांचं असतं, हे आपलं नशीब. एका बाजूच्या पर्णिकेला ब्रशने हिराकसचं पाणी लाव, दुसऱ्या बाजूच्या पर्णिकेला नुसतं पाणी, मधली तशीच सोड. पाणी पसरावं म्हणून साबणाचा थेंब घालणार असशील तर दोन्हींत घाल, नाहीतर फरक हिराकसचा की साबणाचा हे कळणार नाही. आठ झाडं घे. डावीकडे काय आणि उजवीकडे काय हे दर वेळी नाणं उडवून ठरव. तुझ्या मनाने ठरवू नकोस, मन नकळत निरोगी पर्णिका निवडतं. वहीत लिही, आणि सहा दिवसांनी कुठली जास्त हिरवी हे अशा मित्राकडून ठरवून घे ज्याने ती वही पाहिलेली नाही.

नाण्याचा एवढा आग्रह का, हे माझ्यावर बेतलेल्या प्रसंगातून सांगतो. शेवटच्या वर्षी माझा खताचा प्रयोग होता. तीन मात्रा, प्रत्येकीचे तीन प्लॉट. सोय म्हणून मी एका मात्रेचे तिन्ही प्लॉट एकाशेजारी एक घेतले. कमी मात्रा वरच्या अंगाला, जास्त मात्रा उताराला. पावसाने ओढ दिली, ओल फक्त खालच्या अंगाला टिकली, आणि जास्त मात्रेचं उत्पादन दणदणीत आलं. मी खूश. मार्गदर्शकांनी नकाशा मागितला, एक मिनिट बघितला आणि म्हणाले, हा उताराचा निकाल आहे, खताचा नाही. सहा महिने राबलो होतो. त्या आकड्यांचं काहीच करता आलं नाही.

हा विषय शेतातच वाढला, हे वर्गात फारसं सांगत नाहीत. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये गव्हाचा जो प्रयोग सुरू केला तो आजही चालू आहे. तिथे साठलेल्या आकड्यांचा अर्थ लावायला १९१९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर आले, आणि प्लॉट चिठ्ठ्या टाकून का वाटायचे याचं शास्त्र त्यांनी तिथे बसवलं. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, "स्टुडंट" या टोपणनावाने टी-चाचणी (थोड्या नोंदींवरून सरासरीतला फरक तपासण्याची रीत) मांडणारे गॉसेट मद्यनिर्मितीच्या कारखान्यात कामाला होते, बार्लीच्या वाणांची तुलना हेही त्यांचं काम. दोघांचाही प्रश्न एकच होता : दोन तुकड्यांत फरक दिसला, तो खरा की योगायोग? तुझाही तोच आहे.

पहिलीपेरणी :
सर, तसंच केलं. आठ झाडं, आठ वेळा नाणं. एका झाडाची पर्णिका अळीने खाल्ली, त्यामुळे सात उरली. आज सहावा दिवस. माझ्या रूममेटला काहीही न सांगता नेलं. सातही झाडांवर त्याने जी पर्णिका "जास्त हिरवी" सांगितली ती हिराकसचीच निघाली. ब्रश जिथे नीट फिरला नव्हता तिथे पिवळे पट्टे राहिलेत, हिरवा रंग अगदी ब्रशच्या फटकाऱ्याएवढाच आलाय. लोह फिरत नाही हे वाफसा दादांनी पहिल्या दिवशी लिहिलं होतं ते पानावर असं काढलेलं दिसेल असं वाटलं नव्हतं.

आकडेमोड :
हिराकसचा काहीच उपयोग नसता तर सातही वेळा कौल त्याच्याच बाजूने पडण्याची शक्यता १२८ मध्ये १. स्वतः करून बघ : अर्धा गुणिले अर्धा, सात वेळा. आता मी मानायला तयार आहे.

बांधावरची :
आता अर्थशास्त्राच्या वहीचं पान उघड. तुझा कोपरा ५ चौरस मीटरचा आहे, ब्रशनेही काम होईल. पण हाच पट्टा कुणाच्या शेतात एकरभर असेल तर? फवारलेलं लोह नव्या पानांत जात नाही, म्हणजे फवारणी पुन्हा करावी लागणार. मजुरी, पाणी, दिवस. त्या बदल्यात किती दाणा वाढेल? की पुढच्या हंगामात चुनखडी सोसणारा वाण घ्यावा, किंवा पीकच बदलावं? उत्पादन सर्वांत जास्त देणारी मात्रा आणि नफा सर्वांत जास्त देणारी मात्रा वेगळ्या असतात, हे घटत्या फलाच्या आलेखात शिकवतात. मला तो आलेख खरा कळला तो फवारणीचा हिशोब मांडताना.

वाफसा :
आणि विस्तार शिक्षण, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवण्याचा विषय, राहिला. त्या विषयाला मुलं सोपा म्हणतात म्हणून मुद्दाम लिहितो. १९४३ मध्ये रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत आयोवातल्या शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बियाण्याबद्दल कळलं ते बहुतेकांना विक्रेत्यांकडून, पण पेरायचं ठरवलं ते शेजाऱ्याच्या शब्दावर. माझ्या कामात मी हे दर आठवड्याला बघतो. माहिती माझ्याकडून घेतात, विश्वास दुसऱ्या कुणावर असतो. तो माणूस शोधून त्याच्याशी बसून बोलता आलं पाहिजे. तू मामांशी बोललास तो त्या विषयाचा पहिला तास होता.

पहिलीपेरणी :
काल घरी फोनवर वडिलांनी पुन्हा विचारलं, काय चाललंय कॉलेजात. मी त्यांना कोपऱ्याची सगळी गोष्ट सांगितली. वीस मिनिटं बोलत होतो. विषयांची नावं एकदाही आली नाहीत.

आज मामांबरोबर चराच्या रेघेवरून शेवटपर्यंत चाललो. तो आमच्या वर्गातल्या अजून पाच प्लॉटांतून जातो. तीन सोयाबीनचे आहेत, तिन्हींत पिवळा पट्टा आहे. त्यातल्या एका मुलीने मागच्या आठवड्यात युरिया दिला होता, तिचा पट्टा सगळ्यांत गडद. अर्थात एकाच प्लॉटवरून काही म्हणता येणार नाही, आकडेमोड सर. चौथा भुईमुगाचा, त्यातही शेंडे पिवळे आहेत. पाचवा मक्याचा. तिथे चर नक्की गेलाय, मामांनी जागा दाखवली, पण मका वरून तरी हिरवा दिसतो. जवळ जाऊन पाहिल्यावर दोन झाडांच्या कोवळ्या पानांवर फिकट उभ्या रेघा वाटल्या. ते लोह आहे की जस्त, हे मला अजून ओळखता येत नाही.

उद्या सकाळी साडेसहाला सहाही जण जमतोय. खुरपी, आम्लाची बाटली, चष्मे, आणि प्रत्येकाची स्वतःची वही. मामा म्हणाले मीही येतो, मक्यात चर जिथे वळलाय ती जागा मलाच माहीत आहे.